जिन्यावरून कपाट उतरवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यातल्याच एका सभासद भगिनीने आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. आजवर या जागेवरून कोणी मसाल्यांविषयी बोलले, कोणी बालसंगोपनाविषयी, कोणी काशीयात्रेविषयी. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "जिन्यावरून कपाट कसं उतरवावं ते सांगेन." त्यांना हसू आवरेना. "अहो, हे हमालांच्या सभेत शोभेल," म्हणाल्या. पण मी विषय बदलला नाही. घरातले जड सामान उचलतात पुरुष, हे खरे. परंतु "तेवढं ते एकदा हलवा हो" म्हणून मागे लागणारी आपणच असतो, आणि ऐनवेळी "जरा वरचं टोक धर ग" म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारून उभी केली जाते तीही आपल्यापैकीच कोणीतरी असते.

शिवाय बायका जड उचलत नाहीत, हा समज निव्वळ खोटा आहे. पंधरा लिटरची बादली भरली म्हणजे पाण्याचेच पंधरा किलो झाले. नळ खाली आणि बिऱ्हाड वर, अशा घरांत आपल्या सासवांनी अशा किती बादल्या जिन्याने वर नेल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. घरगुती गॅसच्या टाकीत गॅस १४.२ किलो असतो आणि टाकीचे स्वतःचे लोखंड जवळजवळ तेवढेच भरते. म्हणजे भरली टाकी तीस किलोच्या घरात गेली. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे. तिने १९९१ साली उचलण्याच्या कामाचा हिशेब बसवला, त्यात सगळे काही अनुकूल असताना, म्हणजे वस्तू अंगाशी, फार वाकणे नाही, कंबर पिळणे नाही, अशा वेळीही एका माणसाने २३ किलोंपेक्षा अधिक उचलू नये असे धरले आहे. आणि आपण ओल्या हातांनी, ओट्याखाली वाकून, टाकी एकटीने ओढतो! टाकी सपाट जमिनीवर जराशी कलती करून तळाच्या कडेवर फिरवीत नेली तर चालते. जिन्यावर मात्र तिला पायरीपायरीने आपटत उतरवू नका. दोघींनी धरा, उभीच धरा.

आता मूळ गोष्टीकडे वळते. ती सांगायची म्हणजे मला १९८८ सालात जावे लागेल.

आमचे बिऱ्हाड तेव्हा पेठेतल्या वाड्यात, वरच्या मजल्यावर होते. जिना ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. भिंतीत बसवलेला, काळोखा, लाकडी, पंधरा पायऱ्यांचा आणि जवळजवळ शिडीइतका उभा. धरायला कठडा नाही, वरून एक दोर सोडलेला. त्याला धरून चढायचे आणि त्याला धरून उतरायचे. त्या वर्षी आम्ही नवा फ्रिज घेतला आणि जुना नणंदेकडे द्यायचा ठरला. रविवारची सकाळ होती. माझे यजमान आणि धाकटे भाऊजी म्हणाले, "हमाल कशाला? दोघं आहोत की!" यजमानांनी दोन पायऱ्या उतरून मधला भाग धरला, भाऊजी उलट्या पावलांनी खाली झाले, आणि वरचा कोपरा धरायला मला बोलावले. मी देवासमोर रांगोळी काढीत होते, तशीच उठून आले. हातात काचेच्या बांगड्या, पाचवारी साडीच्या निऱ्या पायात, पदर मोकळा.

सहा पायऱ्या नीट गेल्या. सासूबाई वरून सांगत होत्या "हळू रे", खालून शेजारचे काका सांगत होते "डावीकडे घ्या", यजमान म्हणत होते "थांब", आणि भाऊजी विचारीत होते "आता?" सातव्या पायरीला माझे पाऊल निरीत अडकले. कोपरा माझ्या बांगड्यांवर आला, बांगड्या फुटल्या, आणि माझा हात सुटला. मी तोंडातून एक शब्दही काढला नाही. भीतीने वाचाच गेली म्हणा. फ्रिज यजमानांच्या हातून निसटला आणि भाऊजींना घेऊन तळाशी गेला.

त्यांचे मांडीचे हाड मोडले. इस्पितळ, वजने लावून टांगलेला पाय, मग प्लॅस्टर, असे महिने गेले. हाड जुळले, पण तो पाय जवळजवळ एक इंच आखूड राहिला. दर रविवारी पहाटे सिंहगड चढून दहाला घरी जेवायला येणारा तो तिशीतला माणूस पुन्हा गडावर गेला नाही. घरात सगळ्यांनी म्हटले, पायरी ओली होती. मीही तेच म्हटले. पायरी ओली नव्हती.

आता हे असे का झाले, ते मला बरेच पुढे कळले. आपण समजतो की दोघांनी धरले म्हणजे वजन निम्मे निम्मे झाले. सपाट जमिनीवर ते खरे आहे. पण पाण्याने भरलेले घंगाळ दोघींनी धरून पाहा आणि एकीला एक पायरी खाली उतरू द्या. सगळे पाणी तिच्याकडे धाव घेते. घन वस्तूत पाणी हिंदकळताना दिसत नाही एवढेच, बाकी भार तसाच खालच्याकडे झुकतो. फ्रिजचे तर सर्वांत जड यंत्र मुळातच बुडाशी असते, आणि आम्ही बूड खाली करून उतरवीत होतो. म्हणजे भाऊजींच्या अंगावर बहुतेक सगळा भार होता आणि पाठीमागे पाहायला डोळे नव्हते. (जाता जाता सांगते: फ्रिज शक्यतो उभाच न्यावा. आडवा झाला तर त्या यंत्रातले तेल नळ्यांत शिरते. मग नव्या जागी उभा करून काही तास तसाच ठेवावा आणि नंतर सुरू करावा.)

गेल्या वर्षी तो वाडा उतरवायचे ठरले आणि आम्हांला वैशाखाच्या आत जागा रिकामी करून द्यायची होती. बाकी सामान सुटसुटीत होते. प्रश्न होता सासूबाईंच्या लोखंडी कपाटाचा.

या कपाटाला इतिहास आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा सासूबाईंचे बिऱ्हाड त्याच वाड्यात तळमजल्यावर होते. लग्नातले शिसवी कपाट, त्यातले शालू, पितळी डबे, सगळे चिखलात गेले. माणसे वाचली. पुढे त्यांनी वरची जागा मिळवली आणि पैसे साठवून हे लोखंडी कपाट घेतले. जिन्यातून ते येईना म्हणून चौकातून दोर लावून सज्जावर चढवले. "आता माझी वस्तू पुन्हा खाली जायची नाही," असे त्या म्हणत. त्या असेपर्यंत गेलीही नाही. पण आता सज्जाच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यावर माणूस उभा करायची सोय नाही, तर कपाट कुठले! राहिला तो जिना.

नातेवाईक म्हणाले, भंगारवाल्याला द्या, तो तिथेच कापून नेईल. मला ते करवेना. आणि त्या जिन्यात पुन्हा जड वस्तू घालायची, हेही धाडस होईना. रात्र रात्र झोप नाही. शेवटी एके दिवशी मापाची फीत घेऊन बसले.

मैत्रिणींनो, शक्ती मागाहून लागते, आधी माप लागते. कपाट ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल. जिना ३४ इंच रुंद. म्हणजे कपाट पाठीवर निजवून उतरणार नव्हते; कुशीवर निजवले तर १९ इंचांत बसत होते. तळाशी बोळाची उंची मोजली, ७ फूट ९ इंच. कपाट साडेसहा फुटांचे, म्हणजे उभे करायला पुष्कळ जागा आहे, असे मी म्हटले. तेव्हा माझी नात (अकरावीला शास्त्र शिकते) म्हणाली, "आजी, उभं करताना त्याचा कोपरा उंचीपेक्षा वर जातो." तिने कागदावर आकृती काढून हिशेब केला: ७ फूट २ इंच. सात इंचांनी निभावले. हे आधी पाहिले नसते तर पंधरा पायऱ्या उतरून तळाशी अडकलो असतो, आणि कपाट पुन्हा वर चढवणे उतरवण्यापेक्षा वाईट.

तिनेच दुसरा हिशेब सांगितला. जिना तीन फूट उंच आणि चार फूट लांब अशा उताराचा असेल तर त्यावर घसरणारी १०० किलोची वस्तू ६० किलोंच्या जोराने खाली ओढते. आमचा जिना लांब तेवढाच उंच. तिथे ती ओढ ७० किलोंची. घर्षण त्यातले काही खाते, म्हणून घर्षण हा आपला मित्र. हे मी मुद्दाम सांगते, कारण शेजारच्या एका गृहस्थांनी फळ्यांना मेणबत्ती घासून गुळगुळीत करा असा सल्ला दिला होता. मी त्यांना चहा दिला, मेणबत्ती दिली नाही.

टेंपोबरोबर तीन माणसे आली. त्यांचे मुकादम पन्नाशीचे, बोलायला कमी. त्यांनी कपाटाकडे पाहिले नाही, आधी जिना पाहिला. प्रत्येक पायरीवर टाच आपटून आवाज ऐकला. चौथी आणि अकरावी पोकळ निघाली. तिथे खालून धिरा दिला. मग वरच्या दिवाणखान्याचा सागवानी खांब हलवून, ठोकून पाहिला. मी म्हटले, "खालून धरायला कोण?" ते म्हणाले, "काकू, खालून कुणीच न्हाई. खाली माणूस हुबा केला म्हंजी त्यो दगडाखालची इटच झाला की." मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून मला भिंतीला टेकावे लागले. छत्तीस वर्षे उशिरा ऐकले मी ते.

त्यांची पद्धत अशी. जिन्यावर दोन लांब जाड फळ्या टाकायच्या, त्यांची वरची टोके बांधून टाकायची म्हणजे त्या घसरत नाहीत. कपाट रिकामे करून, कप्पे आणि खण काढून, दारे बंद करून वर दोराने आवळायची. नुसत्या कुलपावर भिस्त ठेवायची नाही, कारण वाटेत दार उघडले तर भार एकदम बाजूला जातो. मग गोधडीत गुंडाळून कुशीवर फळ्यांवर ठेवायचे. (ती गोधडी सासूबाईंच्याच लुगड्यांची होती. असो.) कपाटाला दोर दोन्ही अंगांनी फिरवून बांधायचा, नुसता मुठीला नाही, मूठ उपटून येते. आणि त्या दोराचे दुसरे टोक खांबाला गुंडाळून, हळूहळू सैल सोडत जायचे.

सगळी युक्ती खांबाच्या वेढ्यांत आहे. लाकडी खांबाला एक पुरा वेढा दिला की हातावरची ओढ पाचसहा पटींनी कमी होते. दोन वेढे दिले की एका माणसालाही भार सहज तोलून धरता येतो. बंदरात होडी लागते तेव्हा नावाडी दोर खुंटाला गुंडाळतो ना, तेच हे. वेढे आधी द्यायचे, भार मागाहून घालायचा. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. दोर चांगला जाड सुती होता. नायलॉनचा ताणतो आणि बोटांतून सुळकन जातो; जुना काथ्या कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि जिन्यात धरायला टांगलेला तो जुना दोर? तो त्यांनी आधी सोडून ठेवला. सवयीने कोणी त्याला लोंबकळेल म्हणून.

आदल्या संध्याकाळी भाऊजी आले होते. मोकळ्या खोल्यांतून काठी टेकत फिरले. मी चहा ठेवला आणि काय वाटले कोण जाणे, सांगून टाकले. म्हटले, "भाऊजी, त्या दिवशी पायरी ओली नव्हती. माझा हात सुटला होता, आणि मी ओरडलेसुद्धा नाही."

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, मला ठाऊक आहे. तुमच्या बांगड्या फुटल्याचा आवाज मी ऐकला होता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही काही बोलाल म्हणून वाट पाहिली. नंतर वाटलं, आता कशाला." चहा संपवून उठता उठता म्हणाले, "हात सुटतोच हो माणसाचा. तुम्ही ओरडला असतात तर मी भिंतीला लागलो असतो. उद्या त्या पोरांना ओरडायला सांगा."

मी रागावले असते त्यांच्यावर, तर मला सोपे गेले असते. त्या रात्री मी रडले, हे इथे सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकादमांना म्हटले, "हुकूम एकाचाच चालेल, आणि शब्द तीनच: चल, थांब, सुटलं." "हळू" हा शब्द मी बंद केला. हळू म्हणजे किती, हे कोणालाच कळत नाही, आणि ऐकणारा गोंधळतो. "हो" सुद्धा नको. ते होकाराचे की थांबायचे? सुटलं म्हटले की कपाट वाचवायला कोणी हात घालायचा नाही, सगळ्यांनी वर किंवा भिंतीला व्हायचे. कपाट पुन्हा मिळते. मुकादम हसले. म्हणाले, "काकू, तुमी पयलं बी कपाट उतरवलंया वाटतं." मी म्हटले, "नाही, फ्रिज."

हुकूम द्यायला भाऊजींना बसवले. तळाशी बोळाच्या तोंडापलीकडे, कपाट सुटले तरी पोचणार नाही अशा जागी खुर्ची टाकली. तिथून जिना सरळ दिसत होता. पोरेबाळे शेजारी पाठवली. जिन्यात दोन दिवे लावले. मी साडीचा ओचा खोचला, बांगड्या काढून ठेवल्या, पायांत नातीचे कापडी बूट घातले आणि खांबापाशी उभी राहिले. माझे काम एवढेच की वेढ्यांवर दोर चढत नाही ना, हे पाहायचे. मला तेवढे तरी हवे होते.

सर्वांत धोक्याचा क्षण मध्यात नसतो, आरंभी असतो. कपाट सपाट जमिनीवरून पुढे सरकत असते, आणि त्याचा मध्य पहिल्या पायरीच्या कडेवर आला की ते तराजूसारखे एकदम पुढे कलंडते. तेव्हा दोघे मागच्या टोकावर वजन देऊन होते आणि तिसऱ्याने दोर ताठ धरला होता. तरी ते खाली टेकले तेव्हा सगळा वाडा हादरला. खांबाने कुरकुर केली. मग "चल" म्हटले की हातभर दोर सुटायचा, "थांब" म्हटले की कपाट जागच्या जागी. अकराव्या पायरीवर एका फळीने कर्र केले, तसा भाऊजींचा आवाज आला, "थांब!" इतका मोठा की मला त्यांच्या तरुणपणच्या आवाजाची आठवण झाली. फळीखाली पाचर मारली आणि पुन्हा सुरू केले. मी घड्याळ पाहिले होते. पंधरा पायऱ्यांना पंचवीस मिनिटे लागली. १९८८ साली सहा पायऱ्यांना दोन मिनिटेही लागली नव्हती.

मजुरीविषयी एक शब्द. मुकादमांनी जी रक्कम सांगितली ती ऐकून आमच्या यजमानांनी भुवया उंचावल्या. आपल्याला सवय झाली आहे घासाघीस करायची. माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. मी सांगितलेले पैसे दिले आणि वर जेवू घातले. पुरणपोळ्या नव्हत्या, पिठलं-भात होता, कारण भांडी सगळी बांधलेली.

कपाट आता नव्या घरी आहे, तळमजल्यावर. सासूबाईंना आवडले नसते. पण इथून नदी लांब आहे. त्याच्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे, तो मी ठोकून घेतला नाही.

आणि आता कामाचे. आपल्या मंडळाचे ग्रंथालय पुढच्या महिन्यात वरून खाली यायचे आहे. पुस्तके आपण हातोहात आणू, ती सोपी आहेत. ओळीने उभ्या राहा आणि थोडी थोडी पुढे द्या. पण ती दोन काचेची कपाटे आणि कार्यालयातली तिजोरी आहे. चिटणीसबाई म्हणतात, मुलगे येतील रविवारी. मुलग्यांना रविवारी बोलावू नका. सोमवारी दुपारी तीन वाजता मी माप घ्यायला येणार आहे. कोणाकडे लांब फीत असेल तर आणा, आणि जिन्यातला दिवा गेला आहे तो तेवढा त्याआधी कोणीतरी बसवून घ्या.